उणे तीस अंशांत वर्षभर एकच ऑइल: सस्कॅचवानमधल्या एका ट्रॅक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, सस्काटूनपासून दीडेक तासाच्या अंतरावर एका मराठी जोडप्याची १६० एकर जमीन आहे. तिथल्या मोजणीत याला क्वार्टर सेक्शन म्हणतात. दोघंही मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, घरचा धंदा दुधाचा. नवरा पोटॅशच्या खाणीत पाळीने कामाला जातो आणि मांसासाठी पाळलेल्या चाळीसेक गायींचं बघणं मुख्यतः बायकोकडे असतं. मी शेती यंत्रांच्या दुरुस्तीत आहे आणि त्यांच्या ओळखीतला, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून माझ्यासमोर घडलं. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत, यंत्राचे आणि हवामानाचे मात्र नाहीत.

ट्रॅक्टर जुना, ऐंशी अश्वशक्तीच्या आसपासचा, चार सिलिंडरचा, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेला, पुढे गठ्ठे उचलणारा लोडर बसवलेला. १९९०च्या दशकातला असल्यामुळे धूर गाळणारी फिल्टरं, युरिया यांची भानगड नाही. वर्षाला साधारण सव्वादोनशे तास चालतो. जून-जुलैत गवत कापणं आणि बेलरने गठ्ठे बांधणं, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रोज गायींना गोल गठ्ठा टाकणं. हा गठ्ठा पाचशे-सहाशे किलोचा असतो, माणसाने ढकलून हलत नाही. त्यामुळे हिवाळ्यात ट्रॅक्टर बंद म्हणजे चारा बंद. आणि थंडी जितकी कडक तितका गायीला चारा जास्त लागतो, कारण अंग गरम ठेवायला ती तोच जाळते. ट्रॅक्टर बंद पडण्याची भीती ज्या दिवशी सगळ्यात जास्त, त्याच दिवशी त्याच्यावाचून सगळ्यात जास्त अडतं.

हवामानही सांगून ठेवतो. जुलैत दुपारी तिशीच्या वर पारा जातो. जानेवारीत रात्रीचा सरासरी पारा उणे २०च्या आसपास असतो आणि दर हिवाळ्यात उणे ३५ ते उणे ४०चे काही दिवस येतातच. आपल्याकडे निफाडला पारा पाच-सहावर आला की बातमी होते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण तिथला ट्रॅक्टर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ऑइलवर कुरकूर न करता चालू होतो. या जोडप्याच्या घरी राहुरीकडे वडिलांनी आयुष्यभर २०डब्ल्यू-४०च वापरलं. डब्ल्यूच्या आधीचा, म्हणजे थंडीतल्या जाडीचा, आकडा बघायची वेळच कधी आली नव्हती.

अडचण

ट्रॅक्टर उन्हाळ्यात घेतला होता. विकणाऱ्याने ऑइल नुकतंच बदललंय असं सांगितलं आणि ते खरं होतं: ताजं १५डब्ल्यू-४०, खनिज तेलाचं. नोव्हेंबर निभावून गेला. डिसेंबरच्या मध्यावर पारा उणे ३१वर गेला त्या सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊ, सेल्फ मारला की नुसता कण्हतोय. दोनदा फिरला आणि थांबला."

"वहिनी, आता परत मारू नका. एवढंच सांगा, फिरला तेव्हा झरझर फिरला की अडत अडत?"

"अडत अडत. जणू कुणी आतून धरून ठेवलंय."

"नळीतून पांढरा धूर आला?"

"काहीच नाही."

डिझेल इंजिन थंडीत चालू होत नसेल तर पहिले हेच दोन प्रश्न विचारावेत. झरझर फिरतं आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. झरझर फिरतं आणि पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटण्याइतकी उष्णता नाही. अडत फिरतं, म्हणजे ऑइल घट्ट झालंय, नाहीतर बॅटरीतून हवा तेवढा करंट येत नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. इंजिन हळू फिरलं की दाबातली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, उरलेल्या हवेतली उष्णता थंडगार भिंती ओढून घेतात आणि पेटण्याचं तापमान गाठलंच जात नाही. म्हणजे घट्ट ऑइलचा फटका दुहेरी: सेल्फवर भार वाढतो, आणि फिरण्याचा वेग घटल्याने डिझेल पेटणं लांबतं.

त्या सकाळी गायींना चारा शेजाऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने टाकला. युक्रेनियन वंशाचा हा म्हातारा शेतकरी आहे आणि त्याच्या तीन पिढ्या याच मातीत गेल्या. त्याने इथरचा डबाही पुढे केला होता. वहिनींनी तो हातात न घेतला ते फार चांगलं झालं. या इंजिनाच्या हवेच्या वाटेत गरम होणारी कॉइल आहे. ती तापलेली असताना इथर फवारलं तर ते सिलिंडरच्या बाहेरच भडकू शकतं, आणि आत गेलं तरी अवेळी पेटून पिस्टन-रिंगा मोडू शकतं.

खरं दुखणं किती, कुठे

पुढचे दोन दिवस थंडी जरा उतरली. मी मीटर घेऊन गेलो. ऑइल बदलायचं तर होतंच, पण सगळा दोष ऑइलच्या माथी मारला असता तर पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर परत अडला असता आणि महागडं ऑइल फुकट गेलं असं वाटलं असतं.

बॅटरी मध्यम निघाली. थंडीतली तिची ताकद ज्या आकड्याने मोजतात तो उणे १८ अंशांचा असतो: त्या तापमानाला १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊन ७.२ व्होल्टच्या वर टिकते. लेबलवर आकडा चांगला होता, प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच खाली आली होती. त्याहून वाईट अर्थची केबल. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसत होता, म्हणजे सेल्फला मिळायची ताकद गंजलेल्या जोडात वाया जात होती. उन्हाळ्यात हे लक्षातही येत नाही.

ब्लॉक हीटर होता. एक किलोवॅटचा, सिलिंडरांभोवतीचं कूलंट गरम करणारा. हीटरची कॉइल शाबूत होती, पण त्याची वायर उंदरांनी कुरतडून तोडलेली. गवताच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्राला हे नवीन नाही.

आणि ऑइल. मी शेडमध्येच डिपस्टिक काढून धरली. उणे २२ला १५डब्ल्यू-४० तिच्यावरून ओघळायला तयार नव्हतं.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ

वहिनींचा प्रश्न सरळ होता: डब्यावर उणे ३३ला सुद्धा वाहतं असं लिहिलंय, मग उणे ३१ला का अडलं? माहितीपत्रकात जो पोअर पॉइंट छापलेला असतो, त्यामुळे ही फसगत अनेकांची होते. पोअर पॉइंट एवढंच सांगतो की काचेच्या नळीतलं तेल तिरकं केल्यावर जरासं हललं. इंजिनाच्या खाली तेल साठतं त्या चेंबरच्या तळातून पंपाने ते ओढता येईल का आणि त्यातून इंजिन फिरेल का, हे तो सांगत नाही.

त्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची वेगळी मोजमापं आहेत आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा त्यांवरूनच ठरतो. एक कसोटी सेल्फ मारतानाच्या विरोधाची, दुसरी पंपाने ओढण्याची, आणि दुसरी नेहमी पहिलीपेक्षा पाच अंश खालच्या तापमानाला घेतात. १५डब्ल्यूची पहिली कसोटी उणे २०ला, दुसरी उणे २५ला. १०डब्ल्यूची उणे २५ आणि उणे ३०. ५डब्ल्यूची उणे ३० आणि उणे ३५. ०डब्ल्यूची उणे ३५ आणि उणे ४०. पंपाच्या कसोटीत तेलाची जाडी ६०,००० मिलिपास्कल-सेकंदांच्या वर जाता कामा नये. साध्या पाण्याची जाडी याच मापात सुमारे १ असते, म्हणजे या मर्यादेवर तेल सहज वाहतं असं नाही, हा शेवटचा काठ आहे. म्हणजे उणे ३१ला १५डब्ल्यू-४०ने काय करावं याची हमी कुणी दिलेलीच नव्हती. ते आपल्या दोन्ही कसोट्यांच्या खाली गेलं होतं.

पंपाची कसोटी इतकी कडक का, यामागे एक खरी घटना आहे. १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात सू फॉल्सच्या भागात अनेक इंजिनं थंडीत चालू झाली आणि ऑइल न मिळून निकामी झाली. त्यांतलं तेल तेव्हाच्या कसोट्यांना उतरलेलं होतं. पण तिथे हवा विशिष्ट तऱ्हेने, हळूहळू गार होत गेली आणि तेलातल्या मेणाने जाळं धरलं, खोबरेल हिवाळ्यात थिजतं तसं. पंपाने तोंडाशी होतं तेवढं ओढलं, आजूबाजूचं तेल त्या खड्ड्यात घसरलं नाही आणि पंप हवा ओढू लागला. तेव्हापासून तेल सावकाश, ठरलेल्या क्रमाने गार करून मग मोजण्याची पद्धत आली. शेतातल्या शेडमध्ये रात्रभर उभा ट्रॅक्टर असाच सावकाश गार होतो.

यातली भीती वेगळीच आहे. इंजिन चालू न होणं परवडलं. पण चालू झालं आणि वरपर्यंत ऑइल पोचलं नाही, तर सगळ्यात आधी जातो टर्बो. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि तेल त्याच्याकडे शेवटी पोचतं. ऑइल प्रेशरचा काटाही इथे दिशाभूल करतो. घट्ट तेलाने दाब चढलेला दिसतो, पण दाब आहे म्हणजे प्रवाह आहे असं नाही. शिवाय तेल फार घट्ट असलं की फिल्टरला वळसा घालणारी वाट (बायपास) उघडते आणि न गाळलेलं तेलच बेअरिंगांकडे जातं.

पुढे असलेले पर्याय

शेजाऱ्याची पद्धत पहिली: उन्हाळ्यात १५डब्ल्यू-४०, हिवाळ्यात १०डब्ल्यू-३०, वर्षातून दोन बदल्या. या माणसाची इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या अशी चालली आहेत, म्हणून हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पण त्याचे ट्रॅक्टर वर्षाला सहाशे-सातशे तास चालतात, त्याला दोन बदल्या करायच्याच असतात. इथे मॅन्युअलप्रमाणे बदली २५० तासांनी किंवा वर्षाने. सव्वादोनशे तासांसाठी दोनदा ऑइल ओतणं म्हणजे दोन्ही वेळा अर्धं आयुष्य उरलेलं तेल फेकणं. आणि १०डब्ल्यूसुद्धा उणे ३०च्या पुढे आपल्या हद्दीबाहेरच.

दुसरा पर्याय १५डब्ल्यू-४० तसंच ठेवून हीटरची वायर नवी करणं. नवऱ्याचा कल इकडे होता, कारण ऑइल ताजं होतं. बहुतेक सकाळी यावर भागलंही असतं. अडचण अशी की ब्लॉक हीटर कूलंट तापवतो. सिलिंडर आणि पिस्टन कोमट होतात, इंजिन फिरायला हलकं होतं, पण खाली चेंबरमधलं तेल फारसं गरम होत नाही. म्हणजे चालू होणं सोपं होतं आणि घट्ट तेलावर चालण्याचा धोका तसाच उरतो. आणि वीज गेली तर? हिमवादळात तारा तुटतात आणि नेमकी त्याच वेळी थंडी असते. वीज असेल तरच चालणाऱ्या उपायाच्या भरवशावर चाळीस गायी ठेवणं मला पटलं नाही.

तिसरा, वर्षभर ५डब्ल्यू-४०, कृत्रिम तेलाचं, डिझेल इंजिनासाठीच्या सीके-४ दर्जाचं. इथे नवऱ्याची एक रास्त शंका होती.

"दादा, हिवाळ्याला पातळ तेल ठीक. पण जुलैत बेलर ओढताना इंजिन तासन्‌तास तापतं. तेव्हा हे पातळ तेल बेअरिंग खाणार नाही का?"

गरम इंजिनातली जाडी डब्ल्यूनंतरचा आकडा सांगतो. १०० अंशांना ४०चं तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (हेही जाडीचंच एक माप) दरम्यान असावंच लागतं, मग आधी ५ असो की १५. १५० अंशांना, बेअरिंगसारख्या घासटीत, जाडी किती टिकते याचीही किमान मर्यादा आहे: ५डब्ल्यू-४०साठी ३.५ मिलिपास्कल-सेकंद, १५डब्ल्यू-४०साठी ३.७. फरक आहे, पण एवढ्या छोट्या फरकाने या इंजिनाचं काही अडत नाही, आणि मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू-४०ची पट्टी थंडीपासून कडक उन्हाळ्यापर्यंत सलग होती. १५डब्ल्यू-४०ची पट्टी उणे १५ला संपत होती. तो तक्ता मागच्या मालकाने कधी उघडलेला दिसत नव्हता, पानं एकमेकांना चिकटलेली होती.

कृत्रिम तेल का, याला कारण आहे. आकड्यांचा मोठा पल्ला गाठायला खनिज तेलात जाडी टिकवणारं पॉलिमर भरपूर घालावं लागतं आणि गिअर-बेअरिंगांत ते हळूहळू चिरडलं जातं. कृत्रिम बेस ऑइल मुळातच थंडीत कमी घट्ट होतं, त्यामुळे पॉलिमरवरचा भार कमी राहतो.

चौथा ०डब्ल्यू-४०. पंपाची कसोटी उणे ४०ला, म्हणजे कागदावर याच जागेसाठी बनवलेलं. पण किंमत आणखी वर, आणि सगळ्यात जवळच्या दुकानात ते नेहमी मिळेलच असं नव्हतं. पडल्या-झडल्या वेळी दोन लिटर भर घालायला जे हाताशी मिळत नाही ते शेतावर अडचणीचं ठरतं.

एक पाचवा डबा दुकानात शेजारीच दिसतो आणि घोटाळा करतो: एफए-४ दर्जाचं १०डब्ल्यू-३०. सीके-४ आणि एफए-४ हे दोन्ही दर्जे २०१६च्या डिसेंबरमध्ये एकाच वेळी आले. सीके-४ जुन्या इंजिनांना चालतं. एफए-४ मुद्दाम पातळ ठेवलेलं, इंधन वाचवण्यासाठी, ठरावीक नव्या महामार्गी ट्रकांच्या इंजिनांसाठी. जुन्या ट्रॅक्टरमध्ये त्याला जागा नाही. डब्यावरच्या गोल शिक्क्यात वरच्या भागात दर्जा आणि मधोमध जाडीचा आकडा असतो. दोन्ही वाचायचे.

निर्णय कशावर झाला

माझं म्हणणं मी त्यांच्यासमोर एकाच प्रश्नात मांडलं. हीटर न लावता, वीज नसताना, ट्रॅक्टर चालू करावाच लागेल अशी सगळ्यात थंड सकाळ किती अंशांची? सरासरी तापमानावर ऑइल निवडू नका, आणि विक्रमी नीचांकावरही नको. या एका सकाळीवर निवडा.

वहिनींनी यावर दोन दिवस विचार केला आणि त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा शहाणं निघालं. त्या म्हणाल्या, उणे ३५च्या खाली वीज नसताना मी ट्रॅक्टरला हातच लावणार नाही. त्यापेक्षा हवामानाचा अंदाज आला की आदल्या दुपारी गोठ्याजवळच्या वाड्यात दोन दिवसांचे गठ्ठे लावून ठेवेन. म्हणजे उणे ३५ ते उणे ४०चा प्रश्न ऑइलने सोडवायचा नाही, चाऱ्याच्या आखणीने सोडवायचा. एवढं ठरल्यावर ०डब्ल्यूची गरज उरली नाही. ५डब्ल्यू-४० पुरेसं ठरलं, आणि हीटर हा रोजच्या सकाळी इंजिनाची झीज वाचवणारा साथीदार.

नवऱ्याला ताजं ऑइल काढून टाकायचं जीवावर आलं होतं. नऊ लिटर तेलाचा भाव त्याने एका बाजूला मांडला आणि नव्या टर्बोचा दुसऱ्या बाजूला, मग वाद राहिला नाही.

काय केलं, कोणत्या क्रमाने

आधी केबल आणि बॅटरी. अर्थची जोडणी घासून नवी केली, जाड केबल टाकली, बॅटरी बदलली. मग हीटरला नवी वायर, उंदरांपासून वाचवायला धातूच्या नळीतून नेलेली. १२० व्होल्टवर एक किलोवॅट म्हणजे आठेक अँपिअर. त्यासाठी थंडीतही न कडकणाऱ्या आवरणाची, जाड तारेची एक्स्टेन्शन घेतली. टायमर सकाळच्या वेळेआधी साडेतीन तास लावला. रात्रभर हीटर चालू ठेवणारे पुष्कळ आहेत, पण तीन-चार तासांनंतर इंजिनाचं तापमान फारसं चढत नाही, नुसतं मीटर फिरतं. टायमरमुळे रोज सात-आठ युनिट वाचली.

ऑइल बदलायला मात्र थांबावं लागलं. उणे वीसमध्ये घट्ट तेल प्लगमधून धड निघत नाही, तळाचा गाळ तसाच राहतो. शेजाऱ्याच्या गरम वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर रात्रभर उभा केला, सकाळी अर्धा तास काम देऊन तापवला आणि मग तेल सोडलं. फिल्टर नवा, तेल ५डब्ल्यू-४०. जुनं तेल गावातल्या संकलन केंद्रावर दिलं.

चालू करण्याची रीतही ठरवून भिंतीवर लिहून लावली. क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, कारण या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधलं तेल हायड्रॉलिकचंही काम करतं आणि थंडीत तेही गोंदासारखं जड होतं. क्लच न दाबता सेल्फ मारला तर तो सगळा भारही सेल्फवर येतो. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चालू झाल्यावर रेस वाढवायची नाही. प्रेशर येऊन स्थिर झालं की हलक्या कामाला लावायचा.

हिवाळा कसा गेला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उणे ३३ होतं, हीटर टायमरवर होता आणि इंजिन तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला चालू झालं. प्रेशर लगेच आलं. मग एका रात्री खरोखरच वीज गेली. सकाळी उणे २९. हीटर नाही. वहिनींनी हवेच्या वाटेतली कॉइल दोनदा तापवली, क्लच दाबला, सेल्फ मारला. इंजिन जड फिरलं पण अडलं नाही, पांढरा धूर ओकत दुसऱ्या प्रयत्नात चालू झालं. त्या दिवशी या निर्णयाची परीक्षा झाली असं मी मानतो. डिसेंबरमध्ये उणे ३१ला दोन फेऱ्यांत थांबलेलं हेच इंजिन होतं. श्रेय अर्थात एकट्या ऑइलचं नाही, केबल आणि बॅटरीचाही त्यात मोठा वाटा.

फेब्रुवारीत मात्र पुन्हा फोन आला. चालू झाला, पाच मिनिटं चालला, दम टाकत बंद पडला. नवऱ्याचं पहिलं वाक्य: "दादा, ऑइल परत थिजलं." ऑइलचा काही संबंध नव्हता. इंजिन झरझर फिरलं होतं. बंद पडलं ते इंधनाच्या फिल्टरमध्ये मेण साचल्याने. सस्कॅचवानमध्ये शेतकऱ्यांच्या सवलतीच्या डिझेलला जांभळा रंग घातलेला असतो आणि ते शेतावरच्या टाकीत साठवतात. यांच्या टाकीत सप्टेंबरमध्ये भरलेलं, उन्हाळी प्रतीचं डिझेल तळाशी उरलेलं होतं, वर नवं हिवाळी ओतलेलं. मिश्रणाचा ढगाळण्याचा बिंदू, म्हणजे डिझेलमध्ये मेणाचे कण धरू लागतात ते तापमान, वर आला आणि मेण फिल्टरच्या कागदावर बसलं. फिल्टर बदलून, टाकी हिवाळी डिझेलने भरून घेतल्यावर पुन्हा त्रास झाला नाही.

उन्हाळ्यात बेलर ओढताना प्रेशर गरम इंजिनातही मॅन्युअलच्या हद्दीत राहिलं. मागच्या सीलमधून थोडं ओलं दिसत होतं, ते आधीपासूनचं. ५डब्ल्यूने गळती वाढेल अशी शेजाऱ्याची भीती होती. गार असताना हे तेल जास्त पातळ असतं, त्यामुळे जीर्ण सीलमधून किंचित जास्त झिरपू शकतं हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. इथे दोन बदल्यांमध्ये भर जेमतेम अर्धा लिटर लागली. ऑक्टोबरमध्ये तेल काढताना नमुना प्रयोगशाळेत पाठवला. जाडी ४०च्या पट्ट्यातच होती, धातूंचं प्रमाण काळजीचं नव्हतं. एक गोष्ट उठून दिसली: तेलात डिझेलचा अंश हवा त्यापेक्षा थोडा जास्त.

काय वेगळं करता आलं असतं

डिझेलचा तो अंश आयडलिंगचा. कडक थंडीत वहिनी इंजिन अर्धा-अर्धा तास नुसतं चालू ठेवत, परत चालू होणार नाही या धाकाने. कमी वेगावर थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, भिंतींवरून उतरून चेंबरमध्ये येतं, पाण्याची वाफही तिथेच थंड होऊन मिसळते, आणि तेल कधी पुरेसं तापत नसल्याने ते उडून जात नाही. म्हणूनच तास कमी भरले तरी वर्षाने ऑइल बदलायचं असतं. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांत हलक्या कामाला लावलं असतं तर अंश कमी राहिला असता. दुसऱ्या हिवाळ्यात ही सवय बदलली, कारण बंद केलेलं इंजिन परत चालू होईल असा भरवसा आता होता.

बदलीची वेळही आता ऑक्टोबरची पक्की झाली. डिसेंबरमध्ये दुसऱ्याचं वर्कशॉप मागून केलेलं काम ऑक्टोबरमध्ये आपल्या अंगणात, प्लस दहा अंशांत, तासाभरात होतं. आणि ताजं तेल थंडीत जातं. वर्षभर चालून त्यात काजळी साचली की थंडीतली त्याची जाडी वाढते, त्यामुळे ज्या तेलाने पहिला हिवाळा निभावला तेच दुसऱ्या डिसेंबरमध्ये चालवून बघणं या इंजिनासाठी योग्य नाही.

ट्रॅक्टर घेतानाच हीटरची वायर आणि मॅन्युअलचा तो तक्ता बघितला असता तर पहिली सकाळ टळली असती. जुलैत थंडीचा विचार कुणाच्या मनात येत नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी या भागात जुनं यंत्र घेणाऱ्याने हीटर लावून, कूलंटची नळी हाताला कोमट लागते का हे बघूनच पैसे द्यावेत असं मी आता सगळ्यांना सांगतो.

राहिला हायड्रॉलिकचा प्रश्न. इंजिन सुधारल्यावर लोडरचं सुस्तपण जास्त जाणवू लागलं. उणे ३०ला बादली वर जायला इतका वेळ लागतो की पंप कण्हतो. त्या तेलाची जाडी आम्ही पहिल्या वर्षी विचारातच घेतली नव्हती. कमी जाडीचं, थंडीतलं गिअर-हायड्रॉलिक तेल उत्पादकाने या मॉडेलला मान्य केलेलं आहे. पण ते पन्नासेक लिटर लागतं आणि त्याची बदली अजून दीडशे तास लांब आहे. तोवर वहिनी इंजिन चालू झाल्यावर लोडर मोकळाच दोन-तीनदा सावकाश वर-खाली करतात आणि मगच गठ्ठा उचलतात.